थंडीत पेट्रोल पुरत का नाही?



आपल्या परभणी जिल्ह्याचे नाव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत दोन कारणांनी ठळक अक्षरांत छापून येते. एक थंडीमुळे आणि दुसरे पेट्रोलच्या दरामुळे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला, तेव्हा मराठवाडा म्हणजे नुसता उन्हाचा मुलूख असे समजणाऱ्यांनी तोंडात बोट घातले. त्याच वर्षी सप्टेंबरात परभणीत पेट्रोल लिटरला नव्वद रुपयांच्या वर गेले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुढे २०२१ साली शंभरीही ओलांडली गेली. इथे दर चढा असण्याचे कारण त्या वेळी सांगितले गेले ते साधे होते. परभणीला पेट्रोल येते ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, आणि सुमारे तीनशे किलोमीटरच्या टँकरचे भाडे आपल्या खिशातून जाते.

या दोन गोष्टी एकत्र भेटतात त्या मार्गशीर्ष-पौषात. ही थंडी हरभऱ्याला मानवते, गव्हाला मानवते, माणसालाही दोन घास जास्त जातात. कुरकुरते ती दारातली मोटारसायकल. सकाळी किका मारून पाय दुखतो, आणि महिनाअखेर पाहावे तर पेट्रोलचे पैसे नेहमीपेक्षा जास्त गेलेले असतात. मग घरोघर असे बोलणे होते:

"कामून रे, परवाच तर दोनशेचं टाकलं व्हतं!"

"आण्णा, गाडी ॲव्हरेजच देईना. पंपावर कायतरी मिसळतेत."

"मिसळतेत तर मग उन्हाळ्यात काय मिसळीत नव्हते?"

आण्णांचा हा प्रश्न लाखमोलाचा आहे. तक्रार खोटी नाही. थंडीत ॲव्हरेज खरोखरच घटते. पण साप समजून भुई धोपटण्यात अर्थ नाही. नेमके काय घटते, कशामुळे घटते, आणि त्यातले आपल्या हातात किती आहे, हे आज नीट पाहू.

जळते ती पेट्रोलची वाफ

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही की, इंजिनात पातळ पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. आणि पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. चिवड्यात जसे पोहे, दाणे, डाळे, खोबऱ्याचे काप असे सगळे असते, तसे त्यात शेकडो घटक असतात. काही इतके हलके की झाकण उघडताच उडून जावेत. काही इतके जड की शंभर-दीडशे अंश उष्णता मिळाल्याशिवाय त्यांची वाफ होत नाही. सकाळी गार पडलेले इंजिन सुरू होते ते या हलक्या घटकांच्या जोरावर. थंडी जितकी जास्त, तितका वाफ होणारा भाग कमी. उरलेले पेट्रोल थेंबाथेंबाने सिलिंडरच्या भिंतीला चिकटते आणि न जळताच धुराड्यातून बाहेर जाते.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीकडे पाहिले म्हणजे हे लगेच पटेल. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाने पातळ करून भरलेले असतात. त्यांतले ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळते. म्हणून पहाटेच्या गारठ्यात, आणि त्यातून टाकी संपत आलेली असेल तर, ज्योत बारीक होते. दुपारी तीच टाकी बरी चालते. ज्योत बारीक झाली म्हणून टाकी गरम पाण्यात ठेवणे किंवा चुलीजवळ सरकवणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. तो कोणीही करू नये.

परदेशातले हिवाळी पेट्रोल

आता एक नवलाची गोष्ट. अमेरिकेसारख्या देशांत उन्हाळ्याचे पेट्रोल वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असते. तिकडे काही भागांत पारा शून्याच्या खाली वीस-वीस अंश जातो. तिथे आपले पेट्रोल नेले तर इंजिन पेट घ्यायला कुरकुर करील. म्हणून तिकडचे तेलशुद्धीकरण कारखाने हिवाळ्यात पेट्रोलमध्ये हेच ब्युटेन जास्त मिसळतात. ते चटकन वाफ होते आणि गारठ्यातही गाडी सुरू होते. उन्हाळ्यात मात्र असे पेट्रोल उडून हवेत मिसळते, शहरांवर विषारी धुरके पसरते. म्हणून तिथल्या सरकारने १९८९ सालापासून उन्हाळी पेट्रोलच्या उडण्यावर देशभर मर्यादा घातली. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात पंपावर उन्हाळी पेट्रोलच विकावे लागते.

ब्युटेन हलके, म्हणून लिटरमागे त्यातली उष्णताही कमी. त्यामुळे हिवाळी पेट्रोलच्या एका लिटरात उन्हाळीपेक्षा दीड-पावणेदोन टक्के शक्ती कमी असते. म्हणजे शंभर किलोमीटर जाणारी गाडी या एका कारणाने अठ्ठ्याण्णवच्या पुढेमागे जाईल. फरक आहे, पण तसा लहान आहे. त्याच देशातल्या सरकारी तपासणीत, पंचवीस अंशांच्या उबदार हवेत जे ॲव्हरेज मिळते ते उणे सात अंशांच्या थंडीत सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते, आणि पाच-सहा किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांत तर चोवीस टक्क्यांपर्यंतही घटते, असे दिसून आले. पंधरा कुठे आणि पावणेदोन कुठे! म्हणजे जिथे खास हिवाळी पेट्रोल विकतात तिथेसुद्धा मोठी घट पेट्रोलमुळे येत नाही, गार इंजिनामुळे येते.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे पेट्रोलचे मानक भारतीय मानक ब्यूरो ठरवतो. त्यातही ऋतूचा थोडा विचार आहे, पण तो उलट्या बाजूने. आपल्याला चिंता थंडीची नाही, उन्हाची. मे ते जुलै हे तीन महिने उन्हाळी धरून, त्या काळात पेट्रोल फार लवकर वाफ होणारे असू नये अशी कडक मर्यादा आहे. बाकीचे नऊ महिने ती थोडी सैल असते. कारण उन्हाळ्यात नळीतच पेट्रोल उकळले, की वाफेचा बुडबुडा अडकून इंजिन बंद पडते. जुन्या जीप-ॲम्बॅसडरचे चालक वैशाखात पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळत, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना याचा उलगडा होईल.

डिझेलच्या बाबतीत मात्र आपल्याकडे चक्क हिवाळा आणि उन्हाळा वेगळा धरतात. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. गारठ्यात तो साखळतो, जसे खोबरेल तेल बाटलीत थिजते तसे. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत विकले जाणारे डिझेल ३ अंशांपर्यंत वाहते राहिले पाहिजे असा नियम आहे. बाकीच्या महिन्यांत ही मर्यादा १५ अंश आहे. लडाखसारख्या ठिकाणी तेही पुरत नाही. तिथल्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते हरियाणातल्या पानिपतच्या कारखान्यात तयार झाले.

यातून ट्रॅक्टरवाल्यांनी एक खूणगाठ बांधावी. उन्हाळ्यात बॅरलमध्ये भरून ठेवलेले डिझेल पौषात वापरायला काढू नये. ते उन्हाळ्याच्या मापाचे असते. पारा चार-पाच अंशांवर आला की ते गढूळ होऊन फिल्टरला तुंबा बसू शकतो. त्यावर कोणी रॉकेल मिसळण्याचा सल्ला देईल तर ऐकू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पंप आणि नोझल खराब होऊन दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. सुगीपुरते डिझेल ताजे आणावे, हे बरे.

मग मोटारसायकल जास्त का पिते?

पेट्रोल जवळजवळ तेच, तरी खर्च जास्त. याची कारणे चार, आणि ती चारही आपल्या दारातच आहेत.

पहिले कारण गार इंजिन. चोक ओढला म्हणजे आपण हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. सुरू होण्यापुरते ते हवेच. पण चोक तसाच ठेवून पोरगा शाळेपर्यंत गेला, तर वाटेत जळाले त्याहून वाया गेले असे होते. २०२० नंतरच्या नव्या गाड्यांत बहुधा चोक नसतो. तिथे यंत्रच इंजिनाची उष्णता मोजून पेट्रोल कमी-जास्त करते. पण गार असताना जास्त पेट्रोल तेही सोडतेच. हा जादा खर्च इंजिन तापेपर्यंतचा, म्हणजे पहिल्या चार-पाच किलोमीटरचा असतो.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरची गाडी रोज दुधाच्या किटल्या घेऊन वीस किलोमीटरवरच्या शहरात जाते. दुसऱ्या घरची गाडी सकाळी मळ्यात, मग डेअरीवर, मग किराणाला, मग शाळेत, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारते. महिन्याचे किलोमीटर दोघांचे सारखे भरले, तरी दुसऱ्या घरचे पेट्रोल जास्त जाईल. कारण त्या घरच्या गाडीचे इंजिन तापते कधी, तर घरी येऊन उभी राहायच्या वेळी.

दुसरे कारण ऑइल. गारठ्यात ते मधासारखे घट्ट होते आणि इंजिनाला ते ढवळण्यातच जोर घालावा लागतो. जुने, काळे झालेले ऑइल असेल तर आणखी. ऑइलच्या डब्यावर आकड्यानंतर जे 'डब्ल्यू' अक्षर असते ते विंटर म्हणजे हिवाळ्याचेच आहे. गारठ्यात ते किती पातळ राहील हे त्यावरून कळते. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच ऑइल घालावे, दुकानदार देईल ते नव्हे.

तिसरे कारण चाकातली हवा. दसऱ्याच्या सुमारास भर दुपारी हवा भरली आणि पुन्हा पाहिलीच नाही, तर पौषातल्या पहाटे ती आपोआप तीन-साडेतीन पौंडांनी उतरलेली असते. कुठे पंक्चर नाही, कुठे गळती नाही. गार झाली की हवा आखडते, एवढेच. चाक बसले की गाडी जड ओढते. ऊस-कापसाच्या हंगामात रस्ते आधीच खराब, त्यात चाक बसलेले, मग ॲव्हरेज कसे राहणार?

चौथे कारण समोरची हवा. गार हवा दाट असते. पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा दहा अंशांची हवा सुमारे नऊ टक्क्यांनी जड भरते, आणि वेगाने जाणाऱ्या गाडीला तिला कापत जावे लागते. पहाटे साठच्या वेगाने जाण्यापेक्षा पंचेचाळीसने गेलात तर पेट्रोलही वाचेल आणि कानही.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्याकडे पहाट गार असली तरी दुपारी ऊन चांगले तापते. अमेरिकेसारखी दिवसभराची थंडी आपल्याला नाही. म्हणून तिकडच्या पंधरा टक्क्यांचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये. आपली घट त्याहून कमी, आणि ती बहुतेक सकाळच्या पहिल्या फेरीतली.

इथेनॉलचा वाटा किती?

आता पारावर सगळ्यात जास्त चर्चा ज्याची होते त्याकडे वळू. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, त्यामुळे ॲव्हरेज घटते, असे लोक म्हणतात. यात तथ्य किती?

इथेनॉल हे आपल्याला परके नाही. उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून आणि तांदळाच्या कणीपासून ते बनते. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलाशी त्याचा संबंध आहे. देशात ते पेट्रोलमध्ये मिसळून पाहण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, तेही आपल्या राज्यात मिरज आणि मनमाडला, आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ च्या जूनमध्ये देश दहा टक्क्यांवर पोहोचला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि २०२५ साली वीस टक्क्यांचे लक्ष्य गाठले गेले.

एका लिटर इथेनॉलमध्ये एका लिटर पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच उष्णता असते. म्हणजे पाचातला एक भाग इथेनॉल असेल तर मिश्रणाची शक्ती सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. प्रत्यक्षात ॲव्हरेज किती घटेल ते गाडीवर अवलंबून आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात असा अंदाज दिला आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकीला वीस टक्क्यांच्या मिश्रणाने तीन ते चार टक्के, तशाच चारचाकीला सहा ते सात टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या चारचाकीला एक ते दोन टक्के घट. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी आणि इतर भाग वीस टक्के इथेनॉल सोसतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीच्या नळ्या, वायसर, गॅस्केट सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावेत.

थंडीशीही इथेनॉलचे थोडे वाकडे आहे. सुई टोचण्याआधी सिस्टरबाई दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा कसे गार वाटते? स्पिरिट उडताना अंगातली उष्णता ओढून घेते. इथेनॉल त्याच जातीचे. वाफ होण्यासाठी त्याला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर गाड्या चालत; थंडीत त्या सुरू होईनात, म्हणून सकाळी इंजिन पेटवण्यापुरती पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी त्यांना ठेवावी लागे. आपल्या मिश्रणात चार भाग पेट्रोलच आहे, म्हणून तेवढी अडचण येत नाही. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पहाटे दोन किका जास्त लागल्या तर नवल नाही.

हे सगळे खरे. पण आता आण्णांचा प्रश्न पुन्हा आठवा. इथेनॉल मार्चमध्येही तेवढेच असते आणि डिसेंबरमध्येही तेवढेच. म्हणून मार्च आणि डिसेंबर यांच्यातला जो फरक, तो इथेनॉलच्या माथी मारता येत नाही, तो थंडीचा. आणि चार-पाच वर्षांपूर्वीचा डिसेंबर आणि यंदाचा डिसेंबर यांत जो फरक, त्यात इथेनॉलचा वाटा असू शकतो, आणि गाडी म्हातारी झाली त्याचाही. पहिल्या फरकावर आपला इलाज चालतो, दुसऱ्यावर फारसा नाही. दोन्ही एकात कालवले की हाती फक्त चिडचीड उरते.

पावसाळ्यातले पाणी आणि जुना कॅन

इथेनॉलची आणखी एक सवय घरात माहीत हवी. ते पाण्याला जवळ करते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून थोडे पाणी शिरले तर ते मिश्रणात विरघळून राहते आणि कळतही नाही. पण मिश्रण जितके गार, तितके कमी पाणी ते धरून ठेवू शकते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, आणि टाकीची नळी नेमके तळातूनच ओढते. मग गाडी गचके देते, बंद पडते. भाद्रपदातले पाणी असे पौषात डोके वर काढते. झाकणाचे रबर पाहावे, गाडी पावसात उभी असेल तर टाकीवर काहीतरी झाकावे.

हीच गोष्ट कॅनमधल्या पेट्रोलची. पाठीवरच्या फवाऱ्यासाठी किंवा गवत कापायच्या यंत्रासाठी पुष्कळ घरांत पेट्रोलचा कॅन भरून ठेवलेला असतो. वैशाखात आणलेल्या पेट्रोलातले हलके घटक, म्हणजे इंजिन सुरू करणारेच घटक, उन्हाळ्यात उडून गेलेले असतात. उरते ते जड. अशा पेट्रोलावर डिसेंबरात फवारा सुरू होत नाही आणि आपण मिस्त्रीला बोल लावतो. लागेल तेवढेच आणावे, महिनाभरात संपवावे. आणि कॅन घरात, चुलीजवळ, शेकोटीजवळ कधीही ठेवू नये. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवणे तर अजिबात नको. लहान लेकराला बाटली ओळखता येत नाही.

हातच्या काकणाला आरसा

गाडी किती देते हे अंदाजाने सांगू नये, मोजावे. रीत सोपी आहे. एके दिवशी टाकी गळ्यापर्यंत नव्हे पण पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत भरावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीसारखी गाडी वापरावी. निदान दोन-अडीचशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले त्याने झालेल्या किलोमीटरला भागावे. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नये. तीन वेळा करून सरासरी धरावी. असे मार्चमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा केले की आपल्या घरची थंडी कितीला पडते ते कळते. शंभराचे, दोनशेचे टाकत राहिलात तर हा हिशेब कधीच लागत नाही.

समजा, गाडी उन्हाळ्यात लिटरला ५५ किलोमीटर देते आणि थंडीत ५०. महिन्याला ६०० किलोमीटर धरले तर उन्हाळ्यात सुमारे १०.९ लिटर लागते आणि थंडीत १२ लिटर. फरक १.१ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला एकशेदहा, आणि चार महिन्यांत चारशे चाळीस रुपये. एवढ्यात घरातल्या लहानग्याची कानटोपी आणि स्वेटर येतो. सगळा फरक वाचणार नाही, पण निम्मा तरी वाचवता येतो.

मोजून पाहिल्यावर ॲव्हरेज एकदम पाव हिस्सा घटलेले दिसले, तर मात्र ती थंडी नव्हे. आधी प्लग, एअर फिल्टर, ब्रेक घासतो का, हे मिस्त्रीकडून पाहावे. तरीही शंका राहिली तर पंपावर आपला हक्क बजावावा. भरण्यापूर्वी मीटर शून्यावर आहे का पाहावे. पंपावर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप ठेवावेच लागते. ते भरून दाखवा म्हणावे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरले तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. गाळणकागद मागून त्यावर एक थेंब टाकावा. पेट्रोल चोख असेल तर उडून जाते आणि डाग राहत नाही. घनताही मोजून मागता येते. गार पेट्रोलची घनता जास्त दिसते, म्हणून ती १५ अंशांच्या हिशेबाने बदलून मगच फलकावरच्या आकड्याशी ताडतात. तक्रारीचा नंबर पंपावर लिहिलेला असतो. तोंडी भांडण्यापेक्षा लेखी तक्रार बरी.

भल्या पहाटे पेट्रोल भरले तर जास्त मिळते, असाही एक समज आहे. पेट्रोल गार झाले की आखडते हे खरे. दहा अंशांना सुमारे एक टक्का. पण पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते आणि तिथे रात्र-दिवसाचा फरक पोहोचत नाही. त्यासाठी गारठ्यात उठून पंपावर जायची गरज नाही.

एवढे करावे

सकाळची कामे एका फेरीत ओवावीत. डेअरी, शाळा आणि किराणा एकदाच. शक्य असेल ती फेरी ऊन पडल्यावर काढावी. दोन किलोमीटरच्या आतले काम सायकलने किंवा पायी करावे. पौषातल्या कोवळ्या उन्हात चालणे अंगालाही चांगले. गाडी रात्री उघड्यावर न ठेवता पडवीत, वाऱ्याच्या आड लावावी. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटे उभ्यानेच फुरफुरवत ठेवू नये. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे. इंजिन चालण्यानेच लवकर तापते. चोक ओढला असेल तर इंजिन धरले की लगेच मिटवावा. पंधरा दिवसांनी, गाडी गार असताना, हवा तपासावी. बंद गोठ्यात किंवा खोलीत गाडी चालू ठेवू नये. तिच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि माणसा-जनावरांचा जीव घेतो. आणि इंजिन गरम व्हावे म्हणून खाली पाचट पेटवण्याचा आगाऊपणा कोणी करू नये.

थंडी हटवता येत नाही, आणि हरभऱ्यासाठी ती हटूही नये. दर आपल्या हातात नाही, इथेनॉल किती मिसळायचे तेही आपण ठरवत नाही. पण सकाळचे पहिले चार किलोमीटर आपल्या हातात आहेत, आणि पेट्रोल सांडते ते तिथेच. घरात सातवी-आठवीत शिकणारे लेकरू असेल तर ॲव्हरेजची वही त्याच्याकडे किंवा तिच्याकडे द्या. भागाकार पक्का होईल, आणि संक्रांतीला तिळगूळ वाटताना आण्णांच्या प्रश्नाचे उत्तरही आकड्यांत देता येईल.